सोल्डरिंग गन टेकवली तरी वितळत नाही, मग ही सिलिकोन वायर घरात का वापरत नाहीत?

इलेक्ट्रॉनिक्सच्या रील्स बघत असाल तर हा प्रकार तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलाच असेल. टेबलावर दोन वायरी असतात. एक आपल्या घरात असते तशी साधी, दुसरी जरा जाड, मऊ, दोरीसारखी लोळणारी. तापलेली सोल्डरिंग गन आधी साध्या वायरला टेकवतात. दोन सेकंदांत तिचं प्लास्टिक वितळून आतली तांब्याची तार उघडी पडते. मग तीच गन मऊ वायरला टेकवतात आणि काहीच होत नाही. फार तर एक पुसटसा डाग पडतो.

खाली कमेंट ठरलेली असते: "मग अख्ख्या घराचं वायरिंग याच वायरने का करत नाहीत?"

प्रश्न रास्त आहे. शॉर्ट सर्किटने आग लागल्याच्या बातम्या आपण दर आठवड्याला वाचतो आणि इथे तर न वितळणारी वायर समोर दिसतेय. पण उत्तर 'महाग पडते' इतकं सोपं नाही. त्यासाठी ही वायर मुळात कशासाठी जन्माला आली आणि आज कोण वापरतं, तिथून सुरुवात करावी लागेल. वापरणाऱ्यांची यादीही मजेशीर आहे. त्यात ड्रोन उडवणारी पोरं आहेत, टॅटू आर्टिस्ट आहेत, ऑपरेशन थिएटरमधले सर्जन आहेत आणि नाटकाचे लाइटवालेही आहेत.

आधी नावाचा घोळ सोडवू

सिलिकॉन आणि सिलिकोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिलिकॉन हे मूलद्रव्य. मोबाइलची चिप त्याची बनते, कॅलिफोर्नियातल्या 'व्हॅली'ला त्याचंच नाव आहे. सिलिकोन हा त्यापासून बनवलेला रबरासारखा पदार्थ. केकचा मऊ साचा, मोबाइलचं लवचिक कव्हर, प्रेशर कुकरच्या काही रिंगा, बाळाच्या बाटलीचं बूच, हे सगळं सिलिकोन. मराठीत दोन्हींना सर्रास 'सिलिकॉन'च म्हणतात, दुकानातसुद्धा. त्यामुळे दुकानदाराने 'सिलिकॉन वायर' म्हटलं तर दुरुस्त करायला जाऊ नका, त्याला काय हवंय ते बरोबर कळतं.

साधं रबर किंवा प्लास्टिक म्हणजे कार्बनच्या अणूंच्या लांबच लांब साखळ्या. सिलिकोनच्या साखळीत कार्बनऐवजी सिलिकॉन आणि ऑक्सिजन आळीपाळीने असतात. हा सिलिकॉन-ऑक्सिजन बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा बराच मजबूत असतो, तुटायला जास्त ऊर्जा लागते. वाळू आणि काच यांच्यातही हाच बंध असतो. म्हणजे सिलिकोन हा वाळूचा लांबचा, पण लवचिक नातेवाईक.

साखळी मजबूत असली तरी ती आखडलेली नसते, सहज वळते. म्हणून सिलिकोन उन्हाळ्यात चिकट होत नाही आणि कडाक्याच्या थंडीत कडकही होत नाही. चांगल्या सिलिकोन वायरवर साधारण उणे ६० ते अधिक १८० किंवा २०० अंश सेल्सिअस अशी मर्यादा छापलेली असते. घरातल्या साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा असते ७० अंश.

नावडत्या चिकट्यापासून सुरुवात

'सिलिकोन' हे नाव दिलं फ्रेडरिक किपिंग या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. नॉटिंगहॅममध्ये त्यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं सिलिकॉनच्या संयुगांवर घालवली. प्रयोगांत वारंवार एक चिकट, गोंदासारखा गाळ तयार व्हायचा आणि त्यांच्या लेखी ती कटकट होती. १९३०च्या दशकात, कारकिर्दीच्या शेवटी, या विषयातून लवकर काही मोठं हाती लागेल असं त्यांना वाटत नव्हतं.

त्याच दशकात अमेरिकेत कॉर्निंग या काच कंपनीला वेगळीच अडचण होती. त्यांनी काचेचे बारीक धागे बनवले होते आणि ते विजेच्या मोटारीत इन्शुलेशन म्हणून विकायचे होते. काच तापमान सहन करायची, पण धाग्यांना एकत्र धरून ठेवणारं रेझिन जळून जायचं. जेम्स फ्रँकलिन हाइड या त्यांच्या संशोधकाने त्यासाठी सिलिकोनकडे मोर्चा वळवला. म्हणजे गंमत बघा, आज आपल्याला सिलिकोन म्हटलं की केकचे साचे आणि कॉस्मेटिक सर्जरी आठवते, पण उद्योगाने त्याला हात लावला तो तापणाऱ्या मोटारीच्या इन्शुलेशनसाठी.

१९४० मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रोकाव यांनी सिलिकोनचा कच्चा माल स्वस्तात बनवायची पद्धत शोधली. तापलेल्या सिलिकॉनवरून मिथाइल क्लोराइड वायू सोडायचा, सोबत उत्प्रेरक म्हणून तांबं. आजही जगभरातलं बहुतेक सिलिकोन याच मार्गाने बनतं. १९४३ मध्ये डाऊ केमिकल आणि कॉर्निंग यांनी मिळून डाऊ कॉर्निंग ही कंपनी काढली. तिचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे युद्ध. उंचावर हवा विरळ आणि दमट झाली की विमानांच्या इंजिनातली ठिणगी भलतीकडेच उडायची. प्लगच्या जोडांवर सिलिकोनचं ग्रीससारखं मलम लावल्यावर ते थांबलं.

हे विमानापुरतं राहिलं नाही. पेट्रोल गाडीच्या स्पार्क प्लगकडे जाणारी जाड रबरी वायर आठवा. तिच्यात हजारो व्होल्ट असतात आणि ती गरम इंजिनाला जवळजवळ टेकलेली असते. चांगल्या प्रतीच्या प्लग वायरचं आवरण आजही सिलिकोनचं असतं.

मऊपणा येतो कुठून?

मऊपणाचं सगळं श्रेय सिलिकोनला दिलं जातं, पण अर्ध्याहून जास्त श्रेय आतल्या तांब्याचं आहे.

जुन्या इलेक्ट्रिशियनकडून तुम्ही 'तीन वीस', 'सात वीस' असे आकडे ऐकले असतील. त्याचा अर्थ २० गेजच्या तीन तारा, किंवा सात तारा. आज घरात येणाऱ्या अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये सहसा ०.३ मिलिमीटरच्या ३६ तारा असतात. आता ड्रोनच्या बॅटरीला लावतात ती १२ नंबरची, म्हणजे १२ एडब्ल्यूजीची सिलिकोन वायर घ्या. तिच्यात ०.०८ मिलिमीटरच्या ६८० तारा असतात. केसाइतक्या बारीक. (एडब्ल्यूजी ही अमेरिकन मापपद्धत आहे. तिच्यात आकडा जितका लहान तितकी वायर जाड. हे उलटं गणित लक्षात ठेवा, ऑनलाइन ऑर्डर करताना हमखास चूक इथेच होते.)

बारीक तारांनी एवढा फरक का पडतो? तारेची जाडी दुप्पट केली तर ती वाकवायला १६ पट जोर लागतो. त्यामुळे तेवढंच तांबं जाड तारांऐवजी बारीक तारांत वाटलं की कडकपणा झपाट्याने उतरतो. ०.३ मिमीच्या तारांऐवजी ०.०८ मिमीच्या तारा वापरल्या तर, तारांमधलं घर्षण सोडून दिल्यास, वायर सुमारे १४ पट कमी ताठ होते. त्यावर सिलिकोनचं मऊ आवरण. म्हणून ही वायर टेबलावर ठेवली की उकडलेल्या नूडलसारखी पसरते.

वाकण्याचा दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा आहे. जाड तार पुन्हा पुन्हा वाकवली की तिच्या बाहेरच्या कडेवर ताण येतो, बारीक भेग पडते आणि एक दिवस ती तुटते. चार्जरची वायर पिनेजवळच का तुटते, त्याचं उत्तर हेच. बारीक तारेवर त्याच वळणाला कमी ताण येतो, म्हणून ती जास्त वेळा वाकू शकते.

याचं सगळ्यात चांगलं, आणि थोडं धोक्याचं, उदाहरण म्हणजे थ्रीडी प्रिंटर. अनेक स्वस्त प्रिंटरमध्ये खालची तापणारी प्लेट सतत पुढे-मागे सरकत असते आणि तिला मोठा करंट नेणारी वायरही तिच्यासोबत हजारो वेळा वाकते. वायर कडक असेल तर आतल्या तारा एकेक करून तुटत जातात. बाहेरून काही दिसत नाही. शेवटी उरलेल्या चार तारांतून सगळा करंट जायला लागतो, ती जागा तापते आणि आवरण वितळतं. रात्री प्रिंट लावून झोपलेल्या माणसाच्या खोलीत हे घडतं तेव्हा प्रकरण गंभीर होतं. म्हणून प्रिंटरवाले या ठिकाणी सिलिकोन वायरच हवी असा आग्रह धरतात. आणि हो, वायर जिथे प्लेटला जोडली आहे तिथे तिला क्लिपने पक्कं धरणंही तितकंच गरजेचं आहे. वायर कितीही मऊ असली तरी सगळं वळण एकाच मिलिमीटरवर आलं तर तीही तुटेल.

कारखान्यात, गाडीत आणि ऑपरेशन टेबलवर

उद्योगात सिलिकोन वायर जाते ती मुख्यतः गरम जागी. ओव्हन, इस्त्री, गिझर, कॉफी मशीन यांच्या आत पाहिलंत तर हीटिंग एलिमेंटकडे जाणारी वायर बाहेरच्या कॉर्डपेक्षा वेगळी दिसते. तिच्यावर अनेकदा काचेच्या धाग्यांची विणलेली जाळी असते. आत सिलिकोन, वर काच. मोठ्या मोटारींची बाहेर निघणारी टोकं, काच आणि पोलाद कारखान्यांतल्या भट्ट्यांजवळचं वायरिंग, फ्रिजमधला बर्फ वितळवणारा हीटर, या सगळ्या तिच्याच जागा.

इलेक्ट्रिक गाड्यांनी तिला नवं काम दिलंय. गाडीखाली जाणाऱ्या जाड नारिंगी केबल पाहिल्या असतील. नारिंगी ही फॅशन नाही, धोक्याची खूण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या गाड्यांसाठीच्या सुरक्षा नियमांनुसार बंद पेटीबाहेरच्या उच्च व्होल्टेजच्या केबलचं आवरण नारिंगी असावं लागतं. अपघातानंतर गाडी कापणाऱ्या बचाव पथकाला कुठे हात लावायचा नाही ते एका नजरेत कळावं म्हणून. या केबल बोटाएवढ्या जाड असतात आणि बॅटरी, मोटार, कंट्रोलर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून वळवाव्या लागतात. कमी जागेत वळते आणि तापमान सहन करते म्हणून इथे सिलिकोन वापरतात. मात्र प्रत्येक नारिंगी केबल सिलिकोनचीच असते असं नाही. क्रॉसलिंक्ड पॉलिमरच्या केबलही असतात, त्या घासायला जास्त चिवट असतात.

ड्रोन आणि आरसी कारवाल्यांचं कारण थोडं वेगळं. त्यांची लिथियम बॅटरी क्षणात ५०-६० अँपिअर देते. १२ नंबरच्या वायरमधून ६० अँपिअर गेले तर दर मीटरला जवळपास १८-१९ वॉट उष्णता तयार होते. ड्रोनमध्ये वायर वीतभरच असते, वरून पंख्याची हवा असते आणि उड्डाण काही मिनिटांचं. त्यामुळे चालून जातं. शिवाय सोल्डर करताना पीव्हीसीचं आवरण आक्रसून मागे सरकतं, सिलिकोनचं सरकत नाही. इंजिनीअरिंग कॉलेजच्या रोबोकॉन टीमला विचारा, स्पर्धेच्या आदल्या रात्री घाईत सोल्डरिंग करताना या गुणाची किंमत कळते.

आणि ऑपरेशन थिएटर. शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरतात त्या विजेच्या कॉटरीच्या अनेक केबल पुन्हा पुन्हा वापरायच्या असतात. म्हणजे दर वेळी १३४ अंशांच्या वाफेत निर्जंतुक करायच्या. साधं प्लास्टिक तिथे टिकत नाही. सिलिकोन बराच काळ टिकतं, शरीराच्या बाबतीत निरुपद्रवी आहे आणि सर्जनच्या हाताला ओढ देत नाही.

हाताला ओढ न देणं: इथून कला सुरू होते

टॅटू काढून घेतला असेल तर मशीनपासून पॉवर सप्लायपर्यंत जाणारी वायर तुम्ही पाहिली असेल. तिला क्लिप कॉर्ड म्हणतात. आर्टिस्ट तीन-चार तास सलग मशीन धरून बसतो. वायर ताठ असेल तर ती सतत हाताला उलट्या दिशेने रेटत राहते. जोर अगदी थोडा, पण मिलिमीटरची रेघ ओढताना तोच नडतो आणि संध्याकाळी मनगट बोलायला लागतं. म्हणून चांगल्या क्लिप कॉर्ड सिलिकोनच्या असतात. पुसायला सोप्या, थंड एसीच्या खोलीत ताठ होत नाहीत. आता बॅटरीवर चालणारी मशीन आलीत, त्यांना वायरच नाही. पण बॅटरीचं वजन हातावर येतं म्हणून काही जण अजून वायरवालीच पसंत करतात. (सिलिकोन कॉर्ड असली तरी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी तिच्यावर नवीन प्लास्टिक स्लीव्ह चढवायचीच असते. तुमच्या आर्टिस्टने ती चढवली का, हे जरूर बघा.)

लाकडावर जाळून चित्र काढणाऱ्यांचंही तेच. त्या पेनचं टोक लालबुंद होतं आणि मोठा करंट पातळ पेनपर्यंत न्यायचा असतो. वायर जाड केली तर ती ताठ होते, पातळ केली तर तापते. बारीक तारांची सिलिकोन वायर हा त्यावरचा तोडगा. चुकून पेन तिच्यावरच ठेवला गेला तरी घात होत नाही, हा बोनस.

कलेत वायर शिरली ती मात्र सिलिकोनच्या आधी. जपानच्या गुताई गटातल्या आत्सुको तनाका यांनी १९५६ मध्ये 'इलेक्ट्रिक ड्रेस' केला. रंगवलेले बल्ब आणि ट्यूब, त्यांच्या वायरींचा गुंता, असा तो पोशाख. तनाका स्वतः तो अंगावर चढवून प्रेक्षकांसमोर यायच्या. जड, गरम आणि शॉक बसायची टांगती भीती. आज एखादी कॉस्प्लेअर एलईडी लावलेला पोशाख घालून तासभर सहज नाचते, त्यामागे कमी व्होल्टेजचे एलईडी आहेत, हलक्या बॅटऱ्या आहेत आणि कोपर-गुडघ्याशी न मोडणारी वायरही आहे. लीया बुकले यांनी घडवलेला लिलीपॅड आर्डुइनो २००७ मध्ये बाजारात आला, तो कपड्यावर शिवता येणारा सर्किट बोर्ड. त्यात वीज नेण्याचं काम वीजवाहक दोरा करतो. पण दोऱ्याचा रोध जास्त असतो, फार करंट झेपत नाही. म्हणून अनेक जण दिव्यांपर्यंत दोरा आणि बॅटरीपासून मुख्य लाइनला सिलिकोन वायर असा संसार मांडतात.

एक गोष्ट मात्र इथे सांगितली पाहिजे. वायरचीच कलाकृती करायची असेल तर सिलिकोन वायर अगदी कुचकामी. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू कारागिरांच्या टेलिफोन वायरच्या टोपल्या जगप्रसिद्ध आहेत. रंगीत प्लास्टिकच्या पातळ वायरी विणून इतकी नक्षी करतात की बघत राहावं. ते जमतं कारण ती वायर वाकवली की तशीच राहते. सिलिकोन वायर वाकवली की पुन्हा लोळते. शिल्पकाराला आकार धरणारी वायर हवी असते. हलणारं काही बनवणाऱ्याला आकार न धरणारी.

हलणारं म्हटलं की आपल्याकडे गणपतीतले हलते देखावे आले. वायपर मोटर लावून राक्षसाची मान आणि हात हलवायचे, डोळ्यांत एलईडी लावायचे, आणि हे दहा दिवस रोज तासन्‌तास चालवायचं. मानेतून डोळ्यांकडे जाणारी वायर प्रत्येक हालचालीला वळते. बंद पडलेल्या देखाव्यात मोटर ठणठणीत आणि वायर आतून तुटलेली, असं निघण्याची शक्यता मोठी असते. सगळा मंडप सिलिकोन वायरने भरायची गरज नाही आणि परवडणारही नाही. मान, खांदा, कोपर अशा सांध्यांपुरती हात-दोन हात वायर बदलली तरी फरक पडतो.

नाटकाच्या दिव्यांची गोष्ट जरा जुनी आहे. हॅलोजनचा हजार वॉटचा पार लाइट घ्या. त्यातल्या बल्बची काच २५० अंशांच्या वर तापणं हा बिघाड नसून गरज आहे, कारण त्याखाली हॅलोजनचं चक्रच नीट चालत नाही. अशा बल्बच्या होल्डरमधून निघणाऱ्या वायरीचं काय होत असेल? जगभरातल्या जुन्या स्टेज लाइट्समध्ये त्या शेपटीसारख्या वायरींवर चक्क अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. वर्षानुवर्षं हाताळलेल्या, फुसफुशीत झालेल्या अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासात जाणं किती घातक, हे आज सगळ्यांना माहीत आहे. पुढे तिथे काचेची जाळी चढवलेल्या सिलिकोन किंवा टेफ्लॉनसारख्या वायरी आल्या. आता एलईडी दिव्यांनी हा प्रश्नच बराचसा संपवत आणलाय. तरी एखाद्या हौशी नाट्यसंस्थेकडे फार जुने लाइट पडून असतील आणि त्यांच्या वायरीवर पांढरट-करडं विणलेलं आवरण असेल तर ते स्वतः सोलू नका. ओळखणाऱ्या माणसाला आधी दाखवा.

आगीत काय होतं?

'जळत नाही' हे खरं नाही. सिलिकोन जळतं. पण जळल्यावर मागे पांढरी राख उरते आणि ती राख म्हणजे सिलिका, वाळूचंच रूप. ती वीज वाहून नेत नाही. तिला धक्का लागला नाही तर ती तारेभोवती कवचासारखी राहते आणि वायर काही काळ चालू राहू शकते. याच गुणावर काम करून आगीत घट्ट सिरॅमिकसारखं होणारं सिलिकोन बनवलं गेलं. फायर अलार्म, आणीबाणीचे दिवे, धूर ओढणारे पंखे यांना आग लागल्यावरही वीज मिळत राहावी म्हणून त्याच्या केबल वापरतात.

पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. डोळे आणि घसा जाळणारा. काळा दाट धूर वेगळाच. बंद जिन्यात अडकलेल्या माणसाचा जीव अनेकदा ज्वाळेआधी धूर घेतो. सिलिकोनमध्ये क्लोरीनच नाही, त्यामुळे हा वायू नाही. भंगारात तांब्यासाठी वायरींचे ढीग जाळले जातात त्या धुराचा वास ज्यांच्या घरापर्यंत येतो, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

तर मग घरात का नाही?

पहिलं कारण: सिलिकोन फाटतं. तापमानाला वाघ, पण घासण्याला शेळी. नखाने दाबून ओढलं तरी काही वायरींचं आवरण निघतं. घराच्या भिंतीतल्या पाइपातून, दोन-तीन वळणांतून वायर खेचली की तिला कुठेतरी चीर पडणार आणि ती चीर भिंतीच्या आत असल्याने कुणालाच दिसणार नाही. पीव्हीसी त्या मानाने चिवट असतं. पेट्रोल आणि काही तेलांनी सिलिकोन फुगतं, तेही लक्षात ठेवा.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, आणि रील्समध्ये ते कधीच सांगत नाहीत. २०० अंशांची वायर म्हणजे 'दुप्पट करंट चालेल' अशी परवानगी नव्हे. तांबं दोन्हींत तेच आहे, त्याचा रोधही तोच. जास्त करंट सोडला की वायर जास्त तापणार. सिलिकोन ते सहन करेल, पण ती वायर जिथे जोडली आहे तो स्विच, तो सॉकेट, ती एमसीबी १०० अंशांसाठी बनलेली नसते. म्हणजे वायर शाबूत आणि बोर्ड जळालेला. घरातल्या बहुतेक आगी सलग वायरच्या मध्यभागी सुरू होत नाहीत. त्या सैल स्क्रूपाशी, गुंडाळून टेप मारलेल्या जोडापाशी, एकाच सॉकेटवर लादलेल्या तीन उपकरणांपाशी सुरू होतात. तिथे वायरचं आवरण कोणतं यापेक्षा जोड घट्ट आहे का, हा प्रश्न मोठा.

शिवाय बारीक ६८० तारांचं टोक साध्या स्क्रूखाली नीट बसत नाही. काही तारा बाहेर निसटतात, काही तुटतात. त्यासाठी टोकाला लग किंवा फेरूल दाबून बसवावं लागतं. टोक सोल्डर करून स्क्रूखाली दाबणं तर टाळाच. सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांनी जोड सैल होतो.

कारखान्यांतही काही ठिकाणी सिलिकोनला प्रवेश नसतो. गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये सिलिकोनचा अंशही पृष्ठभागावर गेला तर रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. आणि बंद पेटीत रिले असतील तर सिलिकोनमधून निघणारी सूक्ष्म वाफ त्यांच्या ठिणगीत जळून संपर्कबिंदूंवर सिलिकाचा थर जमवते. वीज न वाहू देणारी तीच राख, जी आगीत कामी येते, ती इथे रिले बंद पाडते.

घरासाठी म्हणूनच आयएसआय मार्कची, आगीचा फैलाव कमी करणारी किंवा कमी धुराची, भारानुसार योग्य जाडीची वायर, आणि सोबत चालू स्थितीतली आरसीसीबी. त्यात बचत करून ड्रोनची वायर आणू नका.

विकत घ्यायची असेल तर

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. दोन्हीकडे ही वायर मीटरवर मिळते. लाल आणि काळी सगळ्यात जास्त खपते.

फसवणूक दोन प्रकारची होते. पहिली, सिलिकोनच्या नावाखाली मऊ पीव्हीसी. दोन सेंटिमीटरचा तुकडा कापून घ्या, आतली तार काढून टाका, आवरण चिमट्यात धरून मोकळ्या हवेत जाळा. काळा धूर येऊन थेंब गळायला लागले तर ते सिलिकोन नाही. पांढरी, भुसभुशीत राख उरली तर सिलिकोन. दुसरी फसवणूक जास्त वाईट: आवरण खरं, पण आत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. त्याचा रोध जास्त, म्हणून तेवढ्याच करंटला ती जास्त तापते. चांगल्या सिलिकोन वायरीतल्या तारा बहुधा कथलाचा मुलामा दिलेल्या, म्हणजे चंदेरीच असतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून कळत नाही. ब्लेडने खरवडून बघा. आतून तांबूस निघाली तर तांबं, आरपार पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. वजनावरूनही लक्षात येतं. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या तिपटीहून हलकं असतं, त्यामुळे दहा मीटरचं बंडल हातात घेतलं की संशय येतो.

पाकिटावरच्या करंटच्या आकड्यांवर फार विसंबू नका. काही विक्रेते क्षणभराचा करंट कायमचा म्हणून छापतात. तारांची संख्या आणि एका तारेची जाडी विचारा. १४ नंबरच्या वायरमध्ये ०.०८ मिमीच्या ४०० आणि १६ नंबरमध्ये २५२ तारा असणं नेहमीचं. दुकानदाराला आकडा माहीत नसेल तर टोक सोलून तारा पसरवा. सगळ्या मोजायची गरज नाही, केसासारख्या बारीक आहेत की सुईसारख्या जाड, ते डोळ्यांनाच दिसतं.